वेदना हा शब्द आणि दुखणारे अंग

दलित साहित्याची मीमांसा आपण तीन शब्दांपासून सुरू करतो: वेदना, नकार आणि विद्रोह. गेली दहा वर्षे मी महाविद्यालयात हे तीन शब्द याच क्रमाने फळ्यावर लिहीत आले आहे. दोन वर्षांपूर्वी तृतीय वर्षाच्या तासाला पहिला शब्द लिहितानाच उजव्या खांद्यातून अशी सणक गेली की पहिल्या अक्षरानंतर खडू खाली ठेवावा लागला. मुलींना वाटले, बाई काहीतरी आठवून थांबल्या. बाईंना काही आठवत नव्हते. त्यांचा खांदा दुखत होता.

त्या दिवशी मनात आलेला प्रश्न मी या लेखात वाचकांपुढे ठेवते आहे. ज्या वेदनेला आपण आपल्या साहित्याचा उगम मानतो, त्या वेदनेत दुखणाऱ्या अंगाला जागा आहे काय? कंबर, गुडघे, ओटीपोट, मान, तळवे यांना आपल्या समीक्षेत स्थान आहे काय? की 'वेदना' म्हणताच आपण शरीर ओलांडून थेट समाजव्यवस्थेवर पोहोचतो?

स्वतःचे दुखणे सांगणे मला अवघड जाते. परंतु ते न सांगता हा विषय मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. नऊ वर्षे माझे अंग दुखते आहे. मान, दोन्ही खांदे, कंबर, पायांचे तळवे. सकाळी उठताना बोटे आखडलेली असतात. या काळात रक्त तपासले, क्ष-किरण झाले, एम.आर.आय. झाला, नसांची तपासणी झाली. प्रत्येक कागदावर 'नॉर्मल' हा शब्द आहे. आजवर एकाही डॉक्टरने या दुखण्याला नाव दिलेले नाही. एकाने 'टेन्शन' म्हटले, दुसऱ्याने 'घरी काही त्रास आहे का?' असे विचारले, तिसऱ्याने अहवाल परत देताना माझे अभिनंदन केले. ज्याचे दुखते आहे त्याला 'तुम्हाला काही झालेले नाही' ही बातमी आनंदाची वाटत नाही. ती ऐकून माणूस एकटा पडतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळते. आपल्या समीक्षेने 'वेदना' हा शब्द सामाजिक केला, हे तिचे ऐतिहासिक कार्य आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. प्रस्थापित समीक्षेला दुःख ठाऊक होते. पण ते एकेकट्या माणसाचे, नियतीने दिलेले आणि शेवटी रसिकाला आनंद देणारे दुःख होते. हजारो वर्षे ज्याला पूर्वजन्मीचे फळ म्हटले गेले ते माणसांनी माणसांना दिलेले दुःख आहे, ही गोष्ट ठणकावून सांगणे आवश्यक होते. शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या ग्रंथात आनंद हे मूल्य या साहित्याला पुरे पडत नाही, अशी भूमिका घेतली, ती याच वाटेवरची आहे. ही वाट चुकीची नव्हती. मात्र ती चालताना एक किंमत मोजली गेली. वेदना समूहाची झाली, इतिहासाची झाली, प्रतीकाची झाली आणि ती कुणाच्या तरी सांध्यात, पाठीत, गर्भाशयात राहते याचा विसर पडला.

याचा पहिला पुरावा माझ्याच लेखनातला देते. उर्मिला पवारांच्या 'आयदान' (२००३) या आत्मकथनावर मी पूर्वी एक निबंध लिहिला होता. लेखिकेची आई बांबूची सुपे, टोपल्या विणून संसार चालवीत असे. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांचे नाते लेखिकेने स्वतःच सांगितले आहे. मी त्या विणीवर चार पाने लिहिली: वीण म्हणजे परंपरा, वीण म्हणजे स्त्रीची सर्जनशीलता, वीण म्हणजे शोषणाचे जाळे. दिवसचे दिवस बैठक मोडून बांबूच्या बेळांशी झटणाऱ्या बाईची पाठ रात्री कशी होत असेल, बोटांना किती कापे पडत असतील, हा विचार त्या चार पानांत एका ओळीचाही नव्हता. निबंधाचे कौतुक झाले. आज तो वाचताना जाणवते की, विणणारी बाई समोर बसली असताना मी तिच्या हातातल्या टोपलीकडेच पाहत राहिले.

दुसरा पुरावा फार जुना आहे. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. या निबंधाचा गौरव आपण सतत करतो आणि ते योग्यच आहे. पेशवाईतील अत्याचारांसंबंधीचा आणि धर्मासंबंधीचा त्यातील भाग आपण व्याख्यानांतून उद्धृत करतो. परंतु याच निबंधात त्या चौदा वर्षांच्या मुलीने बाळंत होणाऱ्या आपल्या स्त्रियांविषयी लिहिले आहे. त्यांच्या घरावर छप्पर नसते, थंडी-पावसाने त्यांचे हाल होतात आणि बाळंतरोग झाला तर औषधाला, वैद्याला पैसा कोठून येणार, असा तिचा सवाल आहे. कोणत्या वैद्याने आमच्या लोकांवर फुकट उपचार केले, असेही ती विचारते. म्हणजे आपल्या स्त्रियांच्या लेखनाची सुरुवात होते तिथेच दुखणारे शरीर आहे आणि वैद्याच्या गैरहजेरीची तक्रारही आहे. धर्माविषयीचा तिचा प्रश्न आपण उचलला, वैद्याविषयीचा तसाच पडून राहिला. पहिला प्रश्न विद्रोहाचा वाटला आणि दुसरा केवळ गाऱ्हाण्याचा, हेच त्याचे कारण असावे.

तिसरा पुरावा बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) या पुस्तकातला. बाळंतपणाची, उपासमारीची, सासुरवासाची त्यातील वर्णने अंगावर येतात. आषाढात बायकांच्या अंगात येते, त्याचेही वर्णन त्यात आहे. आपण ते अंधश्रद्धेचे चित्रण म्हणून वाचतो. बाबासाहेबांच्या विचाराने वाढलेल्या लेखिकेचा रोखही तोच आहे आणि त्याच्याशी माझा वाद नाही. मी एवढेच विचारते की, अंगात येण्यापूर्वी त्या बाईच्या अंगात काय होते? जिला वर्षभर 'माझे दुखते' असे म्हणण्याची सोय नाही, म्हटले तरी ऐकणारे कोणी नाही, तिचे कण्हणे-घुमणे देवीच्या नावाने बाहेर पडले तरच सारे घर पुढ्यात बसून ऐकते. देवी खोटी आहे. म्हणून दुखणेही खोटे ठरत नाही. समीक्षेने देवी नाकारली हे बरे झाले. त्याबरोबर त्या बाईची तक्रारही निकालात काढली, हे बरे झाले नाही.

आता साहित्याबाहेरचा एक कागद समोर ठेवते. माझे बालपण अँटॉप हिलच्या वस्तीत गेले. आई सी.जी.एस. कॉलनीतल्या सरकारी क्वार्टर्समध्ये धुणीभांडी करी. तिचे दुखणे घेऊन आम्ही महापालिकेच्या दवाखान्यात जात असू. घरात वाचता येणारी मी एकटी, म्हणून केस पेपर माझ्या हातात. आई डॉक्टरांना सांगे, "सायेब, कमरेत कळ येती, तीच खाली पायात चमकत जाती. मानंला ठणका हाय. राती पिंढऱ्या वळत्यात. सकाळच्याला अंग शिणशिण करतं." एवढे सगळे ऐकून केस पेपरवर दोनच शब्द पडत: 'बॉडी पेन'. पुढे गोळ्यांचे नाव आणि दिवसांचा आकडा. मला त्या वयातही वाटायचे की, आई एवढे बोलली ते गेले कुठे?

आज तोच केस पेपर माझ्या नावाचा निघतो. फरक इतकाच की डॉक्टर आईला 'मावशी' म्हणत आणि मला 'मॅडम' म्हणतात. आईला सांगत, "मावशी, काम फार करता, म्हणून दुखतं." मला सांगतात, "मॅडम, बसून असता, म्हणून दुखतं. चालत जा." अंगमेहनतीने आई दुखली आणि अंगमेहनत सुटल्याने मी दुखते आहे! दोन पिढ्यांच्या मध्ये सगळे शिक्षण, पदव्या, नोकरी उभी राहिली. पण दोघींनाही एकच उत्तर मिळाले की दोष तुमच्या जगण्यात आहे. आणि दोघींच्या हातात एकाच जातीच्या वेदनाशामक गोळ्या.

आमच्या वस्तीपासून वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय लांब नाही. ते १८९० मध्ये सुरू झाले. लहानपणी त्या बाजूने जाताना मोठी माणसे सांगत की, त्या रोगात चटका बसला तरी कळत नाही. वैद्यकाला ही खूण ठाऊक आहे: चट्ट्यावरची संवेदना गेली की कुष्ठरोगाचा संशय घ्यायचा. जिथे दुखत नाही तिथला रोग शास्त्राने ओळखला. जिथे नुसतेच दुखते आणि चट्टा, सूज, मोडलेले हाड असे काही दिसत नाही, तिथे मात्र त्याला फार काळ काही सुचले नाही.

असे म्हणतात की शारीरिक दुखणे भाषेच्या पलीकडचे असते. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ साली आजारपणावरील आपल्या निबंधात, डोकेदुखीचे वर्णन करायला इंग्रजीत शब्द नाहीत, अशी तक्रार केली. इलेन स्कॅरी यांनी १९८५ साली एक मोठा ग्रंथ लिहून, दुखणे भाषेला नुसता विरोध करीत नाही तर तिचा नाश करते, असे प्रतिपादन केले. हे दोन्ही मी आदराने वाचले आणि वाचताना मला माझी आई आठवली. कळ, चमक, सणक, तिडीक, ठणका, उसण, लचक, पेटका, कसकस, कणकण, रवरव, चुरचुर, ठुसठुस, झिणझिण्या, गोळा, पिळा, मुरडा, ओढ. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. उसण भरते, पेटका येतो, गोळा उठतो, ठणका लागतो, झिणझिण्या येतात. कळ येऊन जाते, सल राहतो. ही भाषा विद्यापीठात घडलेली नाही. ती शेतात, गिरणीत, गोदीत, मोरीवर वाकून काम करणाऱ्या माणसांनी घडवली आहे. मग भाषा कमी पडते कुठे? शब्द होते, कान नव्हते.

एका शास्त्रज्ञाला हे उमगले होते. रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली मॅकगिल विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी दुखण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. दुखणे सांगणारे ७८ शब्द २० गटांत मांडून त्यांनी रुग्णापुढे ठेवले आणि 'तुझा शब्द निवड' असे सांगितले. शब्द बदलला की दुखण्याची जात बदलते, हे त्यांनी मानले. माझ्या आईला ते आधीच माहीत होते. फक्त तिचे शब्द कुणी टिपून घेत नव्हते.

तक्रार ऐकलीच नाही की पुढे काय होते, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली, म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एकीचे. ओटीपोटात दुखते, अंगावरून जाते, पाळीचा त्रास होतो, एवढेच या बायका सांगत होत्या. फडात स्वच्छतागृह नाही, पाणी नाही, डोक्यावर मोळी. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' आणि खाडा झाला की दंड. तपास करून कारण शोधायला वेळ लागतो, औषधाला फेऱ्या लागतात. कॅन्सरची भीती घालून पिशवी काढून टाकली की प्रश्नच मिटतो, असे सांगणारे डॉक्टर भेटले आणि खाडे चुकतील म्हणून ते पटलेही. ज्याचे निदान झाले नाही ते दुखणे इथे कापून टाकले गेले. शस्त्रक्रियेनंतरही कंबरदुखी, अंगदुखी राहिल्याचे अनेक जणींनी सांगितले. या बायकांविषयी आपण शोषण हा शब्द वापरतो आणि तो खराच आहे. परंतु शोषण म्हणून पुढे जाताना 'नक्की कुठे दुखत होते, बाई?' हा प्रश्न कुणी विचारला काय?

वैद्यकशास्त्र या बाबतीत निदान कागदावर तरी पुढे सरकले आहे. दुखण्याचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली दुखण्याची व्याख्या केली आणि २०२० साली ती सुधारली. सुधारित व्याख्येसोबतच्या टिपणात म्हटले आहे की, माणूस आपल्याला दुखते असे सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. आणि ज्याला बोलून सांगता येत नाही त्यालाही दुखत असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून अमलात आली. ज्यात दीर्घकाळचे दुखणे हेच मूळ आजार मानले जाते असा वर्ग तिच्यात आहे. याचा सरळ अर्थ असा की, अहवाल स्वच्छ असणे हा दुखणे नसल्याचा पुरावा होत नाही. हे ज्ञान अँटॉप हिलच्या रांगेपर्यंत पोहोचायला किती वर्षे लागतील हा प्रश्न वेगळा. आपल्या समीक्षेपर्यंत ते कधी पोहोचणार, हा माझा प्रश्न आहे.

एका चर्चासत्रात मी हे विचार मांडले तेव्हा एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने आक्षेप घेतला. ते म्हणाले, "ताई, हे मध्यमवर्गीय दुखणे आहे. आपण व्यक्तीच्या अंगदुखीत शिरलो की विद्रोह बाजूला राहील." आक्षेप गंभीर आहे. आपले साहित्य स्वतःच्या नाडीवर बोट ठेवून बसावे, असे मलाही वाटत नाही. परंतु या आक्षेपात एक गृहीतक दडलेले आहे की ज्या दुखण्याला सामाजिक अर्थ देता येतो तेवढेच दुखणे खरे. हे गृहीतक माझ्या ओळखीचे आहे. ज्या दुखण्याला अहवाल देता येतो तेवढेच खरे, असे डॉक्टर म्हणत आले आहेत. एकाला अहवाल हवा, दुसऱ्याला अर्थ हवा. सांगणाऱ्या बाईवर नुसता विश्वास ठेवायला दोघेही तयार नाहीत.

बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. संविधानाचे काम चालू असताना ते मधुमेहाने त्रस्त होते, पायांतल्या असह्य दुखण्याने त्यांना झोप येत नसे. त्यांच्या दुखण्याला डॉक्टरांनी नाव दिले होते. पुढे पत्नी म्हणून आलेल्या सविताबाई स्वतः डॉक्टर होत्या, 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' (१९९०) या पुस्तकात त्यांनी या आजारपणाविषयी सविस्तर लिहिले आहे. आपण त्या पायांकडे कसे पाहतो? त्यागाचा पुरावा म्हणून. निर्वाणानंतर बराच काळ आपण त्या आजाराकडे संशयाचा पुरावा म्हणूनही पाहिले आणि ती किंमत एका बाईने मोजली. रात्री दोन वाजता जागा असलेला, पाय कुठे ठेवावे हे न कळणारा माणूस आपल्याला दिसत नाही, कारण तो आपल्याला काही सिद्ध करून देत नाही. मला मात्र तो आता दिसतो, आणि त्याने बाबासाहेबांची उंची तसूभरही कमी होत नाही.

माझे दुखणे कशामुळे आहे, हे मी सांगू शकत नाही. लहानपणी सार्वजनिक नळावरून आणलेल्या हंड्यांमुळे असेल. आईच्या रक्तातून आले असेल. महाविद्यालयातल्या काही नजरांमुळे असेल. किंवा यांपैकी कशामुळेही नसेल. जातीच्या जाचाने माझे अंग दुखते, असे लिहिले तर हा लेख जास्त जोरकस होईल. तसे लिहिण्याचा मोह मी आवरते, कारण मला ते ठाऊक नाही. न कळलेल्या दुखण्याला घाईने अर्थ देणे हेही चुकीचे निदानच आहे.

म्हणून माझी मागणी माफक आहे. आपली आत्मकथने पुन्हा एकदा वाचावीत आणि या वेळी त्यांतल्या पाठी, गुडघे, ओटीपोट यांच्याजवळ थांबावे. कोण कुणाला 'माझे दुखते' असे सांगतो, ऐकणारा काय उत्तर देतो, सांगणाऱ्यावर विश्वास ठेवला जातो का, हे पाहावे. वस्तीतल्या बायकांचे दुखण्याचे शब्द कोशात जाण्यापूर्वी विरून चालले आहेत, ते टिपून घ्यावेत. आणि नकार-विद्रोहाकडे वळण्याची घाई न करता पहिल्या शब्दापाशी थोडा वेळ बसावे. ज्याचे ऐकून घेतले गेले नाही, त्याचा विद्रोह आपण कुणाच्या जोरावर मांडणार?

कोकरी आगार, संगम नगर भागातल्या काही बायकांकडून मी हे शब्द एका वहीत उतरवून घेऊ लागले आहे. आईपासून सुरुवात केली. ती आता सत्तरीची आहे. "कंचं दुखणं आधी सांगू?" असे तिने विचारले. मी म्हटले, "सगळी सांग. मला घाई नाही." ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग पदर सारखा करून, भिंतीला पाठ टेकवून, तिने तळपायापासून सांगायला सुरुवात केली.